जिथे काम अजून चालू आहे, त्या माझ्या आवडत्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तुम्ही पंचवीस वर्षं लोकांना जगभर फिरवताय. तुमच्या स्वतःच्या सगळ्यात आवडत्या जागा कोणत्या? मी दहा-बारा देश केलेत, नावाजलेलं सगळं पाहिलं, पण परत आल्यावर फोटो सोडले तर फारसं काही उरत नाही. पुढच्या वर्षी तीन आठवडे मोकळे आहेत. बरोबर वडील असतील, वय ७२. कुठे जाऊ?"

नुसती यादी हवी असेल तर दोन मिनिटांत देते, पण ती तुमच्या कामाची नाही. माझ्या यादीतल्या निम्म्या जागा पाहून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा प्रवास? मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न मधल्या वाक्यात दडलाय: पाहून झाल्यावर काही उरत का नाही? टूर मॅनेजर म्हणून हीच तक्रार मी परतीच्या विमानतळावर इतक्या वेळा ऐकली आहे की आता लोक तोंड उघडायच्या आधी कळतं. "सगळं छान झालं हो, पण डोक्यात सगळं एकमेकांत मिसळलंय. तो मोठा चौक कुठल्या गावातला?"

आधी एक कबुली देऊन टाकते. आवडनिवड ही बरीचशी जागेची नसतेच. आदल्या रात्री झोप झाली होती का, बूट चावत होते का, बरोबर कोण होतं, यावर निम्मा निकाल ठरतो. एका अतिशय देखण्या शहरात मी दाढदुखीने दोन दिवस काढले आणि त्या शहरावर मी आजही अन्याय करते; म्हणून नाव घेत नाही. ऋतूचंही तेच. व्हिक्टोरिया धबधबा एप्रिलच्या आसपास पाहिलात तर तुषारांच्या भिंतीपलीकडे धबधबा दिसतच नाही, नुसते भिजता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कातळ दिसतो. दोघे परत येऊन भांडतील आणि दोघेही खरं बोलत असतील.

तरीही एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माझ्या मनात ठाण मांडून बसलेल्या बहुतेक जागा जुन्या आहेत, पण निवृत्त झालेल्या नाहीत. ज्या कामासाठी त्या झाल्या, ते काम तिथे अजून चालू आहे. आणि चालू काम बघायला गेलं की आपोआप थांबावं लागतं. पडका राजवाडा वीस मिनिटांत "होतो". चालू असलेली गोष्ट तशी होत नाही. तिची वेळ असते, पाळी असते, ती सुरू होते आणि संपते, आणि तोवर आपण तिथे असतो.

हे मला कळलं ते एका फजितीतून. चीनमध्ये चेंगडूजवळ दुजियांगयान नावाची जागा आहे. इसवी सन पूर्व २५६ च्या सुमाराला ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने मिन नदीचं पाणी चेंगडूच्या मैदानाकडे वळवायची योजना इथे सुरू केली. आजही त्याच ठिकाणाहून त्या मैदानाला पाणी जातं. मी २६ जणांचा गट घेऊन तिथे गेले, आणि गेले कधी, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे अख्खा देश राष्ट्रीय सुटीवर असताना. तारखा मीच मान्य केल्या होत्या, त्यामुळे दोष कुणाला देणार? झुलत्या पुलावर माणसाला माणूस चिकटलेला, चाळीस मिनिटांत सगळं उरकायचं. परत बसमध्ये चढताना एका गृहस्थांनी विचारलं, "सगळं ठीक, पण ते धरण राहिलं ना बघायचं?"

धरण नाहीच तिथे. तेच तर बघायचं होतं! आणि मी ते त्यांना दाखवू शकले नव्हते, कारण तोवर मलाही नुसतं पाठ होतं, दिसलं नव्हतं.

दोन वर्षांनी वसंतात मी एकटी गेले आणि पुलाच्या वरच्या अंगाला जवळजवळ तीन तास बसले. नदीच्या मधोमध एक लांबट बांध आहे, पुढून निमुळता. त्याला माशाचं तोंड म्हणतात. त्यावर पाणी येऊन आदळतं आणि दुभागतं. आतला प्रवाह अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. पाणी कमी असलं की ते खोलगट बाजू धरतं, म्हणजे जास्त वाटा आतल्या, शेताकडे जाणाऱ्या प्रवाहाला मिळतो. पूर आला की रुंद बाजूची सरशी होते आणि जास्त पाणी बाहेरून निघून जातं. मूळ योजनेत झडप नाही, चाक नाही, कुणी रात्री उठून काही उघडायचं नाही. शिवाय ही वाटणी नदीच्या वळणावर केली आहे. वरचं स्वच्छ पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाला जातं (शेताकडचा प्रवाह याच काठाने जातो) आणि तळाचा गाळ वळणाच्या आतल्या काठाकडे सरकतो. कालव्याचं तोंड बरोबर स्वच्छ पाण्याच्या बाजूला ठेवलंय. त्यातूनही आत आलेलं जादा पाणी आणि वाळू पुढच्या एका बुटक्या सांडव्यावरून परत नदीत पडते. त्यापुढे डोंगर फोडून काढलेली सुमारे वीस मीटर रुंदीची खिंड. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती, म्हणून कातळ आगीने तापवायचा आणि त्यावर पाणी ओतून तडकवायचा, असं करत ती खोदली.

हे वाचून समजतं. पण तिथे बसल्यावर, पाण्यावरून एक फांदी वाहत आली, माशाच्या तोंडापाशी क्षणभर घुटमळली आणि आतल्या बाजूला गेली, तेव्हा ते दिसलं. मग मी लहान मुलासारखी पुढच्या फांदीची वाट बघत बसले. बांध पूर्वी बांबूच्या लांबलचक करंड्यांत दगडगोटे भरून रचत. आता सिमेंट आहे. म्हणजे "जसंच्या तसं" काही राहिलेलं नाही. काम मात्र तेच आहे. जुनं सूत्र असं की तळ खोल उपसा आणि बांध बुटका ठेवा. किती खोल उपसायचं त्याची खूण म्हणून तळाशी लोखंडी दांडे पुरून ठेवले आहेत. ते लागले की थांबायचं.

तर माझ्या यादीत पहिलं नाव हे. निसर्गसौंदर्य विचाराल तर बरं आहे, फार काही नाही.

दुसरं नाव घेतलं की लोक हसतात, कारण ते सगळ्यांच्याच यादीत असतं: रोमचं पॅन्थिऑन. पण मी ते पाहायला सांगते पावसात. आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण इसवी सन १२६ ची. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. लोखंडी सळ्या न घालता केलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. खाली भिंत सहा मीटरहून जाड, वर भोकाच्या काठाला सव्वा मीटरच्या आसपास. आणि वर जाताना काँक्रीटमधले दगडही हलके होत जातात, अगदी माथ्याला प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. ६०९ पासून तिथे चर्च आहे, प्रार्थना होतात. वापरात राहिली म्हणूनच ही इमारत वाचली. आजूबाजूच्या किती देवळांचे दगड लोकांनी उचलून नेले.

मी सात-आठ वेळा आत जाऊन आले होते, तिकीट नव्हतं तेव्हापासून (ते २०२३ मध्ये सुरू झालं). एकदा बाहेरच्या चौकात असताना सर आली. लोक आडोशाला धावले, मी आत धावले. मधोमध वरच्या गोल भोकातून पाऊस सरळ जमिनीवर पडत होता. उजेडाचा खांब आणि त्यात पावसाचे थेंब. पहारेकऱ्याने सवयीने, कुणाकडे न बघता, ओल्या भागाभोवती दोरी ओढली. तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं की संगमरवरी फरशी किंचित फुगीर आहे आणि तिच्यात छोटी छोटी भोकं आहेत. पाणी पसरून त्यांतून नाहीसं होत होतं. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी पावसाचा विचार करून ठेवला होता आणि तो विचार माझ्या पायाखाली चालू होता. गटाला मी आधी घुमटाचे आकडे सांगायचे. आता सांगते, आधी खाली बघा.

तिसरी जागा जपानमधलं इसे देवस्थान. इथे मात्र आधीच बजावते: बघायला जवळजवळ काही मिळत नाही. एकामागे एक कुंपणं, त्यापलीकडे गवती छपराचं टोक, सोन्याने मढवलेल्या टोकांची आडवी लाकडं, बस. मुख्य पायऱ्यांच्या वर फोटो काढायला बंदी. माझ्या गटातल्या एका बाईंनी मला तिथेच विचारलं, "आपण चुकीच्या दारात तर नाही ना आलो?"

पण शेजारचा मोकळा चौकोन बघा. पांढऱ्या गोट्यांनी भरलेली तेवढीच जागा आणि मधोमध एक छोटी लाकडी खोपी. दर वीस वर्षांनी देऊळ या रिकाम्या जागेवर नव्याने बांधतात, तसंच्या तसं, आणि जुनं उतरवतात. पहिली पुनर्बांधणी ६९० सालची. मध्ये यादवी युद्धांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, पुन्हा सुरू झालं. बासष्टावी २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये, आणि तिच्या तयारीचे विधी २०२५ मध्येच सुरू झालेत. उतरवलेलं लाकूड (हिनोकी नावाच्या जपानी सायप्रसचं) वाया जात नाही. मुख्य देवळाच्या मोठ्या खांबांमधून उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात, बाकीचं इतर देवळांना जातं. वीस वर्षांचा हिशेबही मला पटतो: विशीतला शिकाऊ सुतार, चाळिशीतला कारागीर आणि साठीतला जाणता, तिघे एका वेळी एका कामावर असतात. आता सांगा, हे देऊळ किती जुनं? मी हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारते. बसमध्ये तासभर शांतता राहत नाही.

चौथी जागा पेरूमधली, आणि माझी कसोटी जिथे मलाच अडचणीत आणते ती. केस्वाचाका. आपुरिमाक नदीवर गवताचा झुलता पूल, लांबी तीस मीटरच्या आत-बाहेर, समुद्रसपाटीपासून साधारण ३,७०० मीटर उंचीवर. इंकांच्या काळात असे कितीतरी पूल होते. ही परंपरा इथे टिकली. दर जूनमध्ये चार वस्त्यांतली माणसं जमतात, तीन-चार दिवसांत नवा पूल विणतात आणि जुना तोडून खाली नदीत सोडून देतात. गवतच ते, कुजून जातं. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची बारीक दोरी वळून आणायची असते. त्या दोऱ्यांचे जाड दोर, दोरांचे मांडीएवढे सोट. चार खाली पायाला, दोन हाताला. मी दरडीवर बसून एका आजीबाईंचे हात बघत होते. दोन तळव्यांमध्ये गवताची काडी, एक पीळ, नवी काडी, पुन्हा पीळ. नजर हातांवर नव्हतीच. शेजारणीशी बोलणं चालू होतं, आणि दोरी मांडीवरून खाली उतरत होती. मी करून पाहिलं. माझी दोरी वीतभर झाली आणि सुटली. त्या हसल्या, माझी काडी काढून घेतली आणि आपल्या दोरीत पिळून टाकली.

अडचण अशी की थोड्याच अंतरावर गाड्यांचा पक्का पूल आहे. नदी ओलांडायला गवताच्या पुलाची गरज कुणालाच नाही. मग हा पूल नक्की कुठलं काम करतो? मी बरीच वर्षं याचं गुळगुळीत उत्तर देत असे, परंपरा वगैरे. २०२० मध्ये साथीमुळे पूल विणला गेला नाही आणि मार्च २०२१ मध्ये तो तुटून नदीत लोंबकळला. जूनमध्ये लोकांनी पुन्हा विणला, त्या वेळी तर ज्यावरून दोर ओढून न्यायचे तो जुना पूलही नव्हता. दोर एका काठावरून दुसऱ्या काठावर नव्याने न्यावे लागले. पर्यटक तेव्हा फारसे येत नव्हते, पलीकडे जायला पक्का पूल होता, तरी विणला. म्हणून मी त्याला चालू कामात धरते, पण कुणी हरकत घेतली तर वाद घालणार नाही.

माचू पिचूबद्दल विचाराल म्हणून सांगते. बघाच, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण ठरावीक वेळेचं तिकीट, आखून दिलेला मार्ग आणि मागून येणारा पुढचा गट. माझ्या आवडत्यांत ते बसत नाही. त्याच्याच वाटेवरचं ओयांतायतांबो बसतं. इंकांनी आखलेल्या गल्ल्या, त्यांतून दगडी पाटाने अजून खळखळणारं पाणी, आणि जुन्या भिंतींच्या आत राहणारी घरं. बहुतेक जण तिथे फक्त आगगाडी पकडायला उतरतात.

इथे क्षणभर थांबून गोळाबेरीज करते, कारण मी वाहवत चाललेय. जुनेपणा, भव्यता, यादीतलं नाव यांवर माझी आवड ठरत नाही. काहीतरी चालू असावं आणि त्याची वेळ आपल्याला पाळावी लागावी, एवढंच.

निसर्गाच्या जागांना ही कसोटी लागत नाही असं तुम्ही म्हणाल. लागते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात जा. तिथल्या मायनस खोऱ्यात भरती-ओहोटीचा फरक १६ मीटरपर्यंत जातो, जगातला सगळ्यात मोठ्यांपैकी. कारण सुंदर आहे. झोपाळ्याची जशी स्वतःची एक लय असते, तशी या उपसागरातल्या पाण्याचीही पुढे-मागे हिंदकळण्याची लय आहे, साधारण तेरा तासांची. समुद्राची भरती येते सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणजे जवळजवळ त्याच लयीत. प्रत्येक भरती म्हणजे झोपाळ्याला नेमक्या वेळी मिळालेला धक्का. होपवेल रॉक्स इथे ओहोटीला तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, डोक्यावर झाडं उगवलेले दगडी सुळके. सुळक्यांच्या अंगावर शेवाळ जिथपर्यंत लोंबतंय ती भरतीची रेघ, आणि ती तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर. फोटो काढून लोक निघून जातात. मी सहा तास थांबले. चॉकलेटी गढूळ पाणी येताना आवाजच करत नाही. आधी बुटांचे ठसे भरतात, मग माझी बसायची जागा गेली, मग जिन्याच्या खालच्या पायऱ्या. संध्याकाळी त्याच सुळक्यांच्या मधून कयाक वल्हवणारे लोक दिसत होते. अर्धंच बघून गेलेल्याला ही जागा निम्मी नव्हे, जवळजवळ काहीच दिसलेली नसते.

आता कसोटीला उतरूनही मला न आवडलेली जागा. मोरोक्कोतल्या फेस शहरातली चामडी कमावण्याची कुंडं. काम शतकानुशतकं चालू आहे, यात वाद नाही. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि चुन्याच्या कुंडांत माणसं मांड्यांपर्यंत उभी असतात, आणि भोवतालच्या गच्च्यांवरून आपण नाकाशी पुदिन्याची जुडी धरून बघतो. मी पाच वेळा गट नेले आणि पाचही वेळा लवकर खाली उतरले. चालू काम आणि कुणाच्या तरी कष्टांचा तमाशा यांत फरक आहे. कुठे रेघ ओढायची ते प्रत्येकाने आपलं ठरवावं. केस्वाचाकाच्या आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या होत्या. कुंडातल्या माणसाने वर पाहिलंही नव्हतं.

मालीतल्या जेनेच्या मातीच्या मशिदीचा नुसता उल्लेख करते. आजची इमारत १९०७ ची; दर वर्षी सगळं गाव मिळून तिला मातीचा नवा लेप देतं, भिंतीतून बाहेर आलेले ताडाचे वासे हीच चढायची परांची. मी गेले तेव्हा तिथली परिस्थिती शांत होती. आज तिथे जा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि व्हेनिस. अनेक वर्षं मी व्हेनिसला नाकं मुरडत असे. जुन्या शहरात राहणारे लोक आता पन्नास हजारांच्याही खाली आलेत, दिवसभर नुसते आमच्यासारख्यांचे लोंढे. मला ते दिवे चालू ठेवलेलं रिकामं नाटकगृह वाटायचं. मग एकदा झोप लागेना म्हणून सकाळी सहाला बाहेर पडले. कालव्यांत मालाच्या होड्या लागत होत्या: दुधाचे क्रेट, वाळूची पोती, धुलाईचे गठ्ठे, एका होडीत कपडे धुण्याचं यंत्र. एक हातगाडीवाला पुलाच्या पायऱ्यांशी आला. मला वाटलं आता हा माल उतरवणार. त्याच्या गाडीला पुढच्या बाजूला दोन छोटी जादा चाकं होती. त्याने गाडी मागे कलती केली, छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवली, रेटा दिला, मोठी चाकं मागोमाग चढली. टक, ढप. टक, ढप. पूल पार. शिडीसारखे पूल असलेल्या गावाने आपल्यापुरती काढलेली तोड! त्या दिवसापासून व्हेनिस माझ्या यादीत आहे, फक्त सकाळी नऊपर्यंत.

आता तुमच्या तीन आठवड्यांकडे वळते. वडील ७२ चे आहेत म्हणता. त्यांचे गुडघे, हृदय, रक्तदाब मला माहीत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेरूचा विचार करू नका. कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे आणि उंची वय बघत नाही, तिशीतल्या धडधाकट लोकांनाही आडवं करते. दुजियांगयानला चढ-उतार आहेत, पण वेळ घेऊन जमतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तेवढा टाळा, माझी फजिती पुरे. फंडीला भरतीचं वेळापत्रक आधी बघून मुक्काम ठरवावा लागतो, कारण ओहोटी दिवसाउजेडी आणि पुढची भरती अंधार पडायच्या आत, असा दिवस रोज मिळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर वसंतात तीनच गावं घेतली असती, प्रत्येकी एक आठवडा: रोम, व्हेनिस आणि स्पेनमधलं वॅलेन्सिया. तिसऱ्या नावावर तुम्ही चमकाल. यादीत शेवटी ठेवलंय, पण वडिलांबरोबर जायचं तर हेच माझं पहिलं.

वॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या एका दाराशी, अपॉसल्सच्या दाराशी, दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं न्यायालय भरतं. तुरिया नदीच्या आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, सगळे शेतकऱ्यांनी निवडलेले, काळे अंगरखे घालून गोलात मांडलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. शिपाई एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारा करतो, कुणाविरुद्ध तक्रार आहे का: क्वार्त, मिस्लाता, फावारा... पाण्याची पाळी मोडली, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, पाट साफ केला नाही, असले खटले. वकील नाहीत, सगळं तोंडी, वॅलेन्सियन भाषेत. ज्या कालव्याची तक्रार, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. निकालावर अपील नाही. हे हजार वर्षांपासून चालत आल्याचं तिथे मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. गंमत म्हणजे ती नदी आता शहरातून वाहतच नाही. १९५७ च्या भीषण पुरानंतर तिला शहराबाहेरून वळवलं आणि जुन्या पात्राची लांबच लांब बाग केली. नदी गेली, तिच्या पाण्याचं न्यायालय राहिलं.

बऱ्याच गुरुवारी तक्रारच नसते. आठ नावं पुकारली जातात, आठ वेळा शांतता, आणि पाच-दहा मिनिटांत मंडळी उठतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असंच झालं आणि मागचा एक पर्यटक वैतागून म्हणाला, "एवढंच?" मला मात्र ती शांतताच आवडली. आठही कालव्यांवर त्या आठवड्यात कुणाचं कुणाशी बिनसलं नव्हतं.

सणाच्या सुट्या तेवढ्या आधी तपासा आणि साडेअकराच्या आधी पोचा, म्हणजे वडिलांना कठड्याला टेकून उभं राहता येईल. उशिरा येणाऱ्यांना नुसत्या पाठी दिसतात. त्याच दुपारी मेट्रोने अल्बोरायाला जा. गाव संपलं की सपाट शेतं लागतात, मधून पाट गेलेले, कडेने चालायला वाट. एखाद्या शेताच्या तोंडाशी छोटं लोखंडी दार दिसेल, पाट अडवायचं. पाणी सुटलेलं असेल तर दाराच्या फटीतून त्याचा बारीक आवाज येत असतो. तिथे वडिलांना बसायला जागा शोधा आणि कुणी दार उचलायला येतंय का ते बघा. मी गेले होते तेव्हा दीड तासाने सायकलवरून एक म्हातारे आले होते.